सांगलीतला तेरा वर्षांचा नॅस: डबा बदलायचा होता, सुरुवात झाली वायरीपासून

मामांचं घर सांगलीत, गावभागात, जुनं दुमजली. घरात २०१२ साली घेतलेला सिनॉलॉजी कंपनीचा डीएस२१२जे हा नॅस, म्हणजे घरातल्या सगळ्यांना नेटवर्कवरून वापरता येणारा फाईलींचा डबा. दोन डिस्कचा पांढरा डबा, राउटरला वायरने जोडलेला, आत २ टीबीच्या दोन डिस्क रेड १ मध्ये, म्हणजे एकीवर जे लिहिलं तेच दुसरीवर. सिंगल कोअर १.२ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि २५६ एमबी रॅम, आज ऐकायला गंमत वाटते, पण त्या काळी घरासाठी हा चांगलाच डबा होता आणि तेरा वर्षं रात्रंदिवस चालला. मामा मराठीचे प्राध्यापक होते, आता रिटायर, आणि आयुष्यभर हौशी नाटकं बसवली, राज्य नाट्य स्पर्धेत सांगली केंद्रावरून वर्षानुवर्षं उतरले, त्यामुळे तालमींचं शूटिंग, कॅसेटवरून उतरवलेला आवाज, टाईप केलेल्या संहिता, शिवाय घरातले २००४ पासूनचे फोटो, सगळं त्या एका डब्यात. दुसरी कॉपी कुठेच नाही, असं तेव्हा वाटत होतं.

विषय निघाला तो डब्यामुळे नाही, लॅपटॉपमुळे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून मामांनी विंडोज ११ प्रोवाला नवा लॅपटॉप घेतला आणि त्यावर झेड ड्राइव्ह, म्हणजे लॅपटॉपवर दिसणारा नॅसचा फोल्डर, काही केल्या उघडेना. मामांचा फोन आला, "अरे, नवा गडी जुन्याला ओळखच दाखवीत नाही, जरा बघतोस का?"

हे आत्ता बऱ्याच घरांत होतंय म्हणून जरा सविस्तर सांगतो. जुन्या नॅसवर बहुतेकांनी शेअर फोल्डर गेस्टला खुला ठेवलेला असतो, म्हणजे पासवर्ड नाही, घरातलं कुणीही उघडा. विंडोज ११ प्रोमध्ये असं बिनपासवर्डचं गेस्ट कनेक्शन बंद असतं, आणि २४एच२ अपडेटपासून वर एसएमबी (विंडोज आणि नॅस ज्या पद्धतीने फाईली देतात-घेतात ती) सायनिंगही, म्हणजे प्रत्येक निरोपावर सही, सक्तीचं झालं, जे गेस्टला जमतच नाही. यूट्यूबवर उपाय सगळे सांगतात, ग्रुप पॉलिसीत जा, हे बंद करा, ते चालू करा. करू नका. त्यात तुम्ही डब्याच्या सोयीसाठी लॅपटॉपचा दरवाजा काढून ठेवता. बरोबर उपाय पाच मिनिटांचा आहे, नॅसवर मामांच्या नावाने युजर बनवायचा, पासवर्ड द्यायचा, एसएमबी २ आणि ३ चालू, एसएमबी १ बंद, गेस्ट बंद. मी पुण्यातून फोनवर सांगून हे मामांकडून करून घेतलं आणि झेड ड्राइव्ह उघडला.

इथे विषय संपला असता. पण मी म्हटलं मामा, आता आत आलाच आहात तर स्टोरेज मॅनेजरमध्ये जाऊन डिस्कच्या हेल्थचं पान उघडा आणि मला फोटो पाठवा.

फोटोत पॉवर ऑन अवर्स, म्हणजे डिस्क चालू राहिल्याचे तास, एक लाखाच्या वर, ते अपेक्षितच होतं. पण दुसऱ्या डिस्कवर करंट पेंडिंग सेक्टर दोन आकडी. पेंडिंग सेक्टर म्हणजे डिस्कला वाचायला गेलं की धड वाचता न येणारी जागा, जिच्याबद्दल तिचा अजून निर्णय झालेला नाही. एखादा असला तर मी पण घाबरत नाही, पण वाढत चाललेला आकडा वाईट. डबा याबद्दल गप्प होता असंही नाही, तो महिनोन् महिने ईमेल पाठवत होता, मामांच्या कॉलेजच्या मेलवर, जो रिटायर झाल्यावर बंद झाला. तुमच्याकडे नॅस असेल तर नोटिफिकेशन कुठल्या पत्त्यावर जातंय ते आज बघा, बाकी लेख नंतर वाचा.

तिसरी गोष्ट राउटरमध्ये सापडली. २०१४ च्या आसपास माझी मामेबहीण पुण्याला शिकायला आली तेव्हा तिला घरचे फोटो दिसावेत म्हणून कुणीतरी ५००० नंबरचं पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून थेट नॅसपर्यंत येणारी वाट, बाहेर उघडून दिलेलं आणि ते तसंच उघडं. नॅसच्या लॉगमध्ये जगभरातून अ‍ॅडमिन नावाने लॉगिनचे फसलेले प्रयत्न, पानंच्या पानं. या मॉडेलला डीएसएमची, म्हणजे सिनॉलॉजीच्या डब्यात चालणाऱ्या सिस्टीमची, ६.२ च्या पुढची आवृत्ती मिळतच नाही आणि ६.२ चा सपोर्ट १ ऑक्टोबर २०२४ ला संपला, म्हणजे आता उद्या त्यात भोक सापडलं तरी बुजवायला कुणी येणार नाही. असल्या जुन्या आणि इंटरनेटवर उघड्या डब्यांचं काय होतं हे जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्हवाल्यांनी बघितलंय, २०१५ नंतर अपडेट न मिळालेली ती उपकरणं बाहेरून कुणीतरी फॅक्टरी रीसेट केली आणि लोकांचा डेटा रातोरात साफ. जानेवारी २०२२ मध्ये क्यूनॅप कंपनीच्या नॅसवर डेडबोल्ट नावाचा खंडणीखोर व्हायरस आला तो फाईली कुलूपबंद करून प्रत्येकाकडे ०.०३ बिटकॉइन मागत होता. पोर्ट त्याच फोनवर बंद करून घेतलं.

मग मामांचा साधा प्रश्न, खराब डिस्क काढून नवीन घातली तर? कमी खर्चाचा आहे, आणि चुकीचा आहे. दोन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून, बहुधा एकाच लॉटमधल्या घेतलेल्या, एकीचे एक लाख तास झाले म्हणजे दुसरीचेही झालेत. नवी डिस्क घातली की रीबिल्ड करताना, म्हणजे तिच्यावर प्रत पुन्हा तयार करताना, उरलेली म्हातारी डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत सलग वाचावी लागते, तिच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम तेव्हाच पडतं, आणि तेव्हा ती मेली तर काहीच उरत नाही. शिवाय डबा तोच, सपोर्ट संपलेला. नव्या डिस्कचे पैसे जुन्या डब्यात घालण्यात मला अर्थ दिसला नाही.

डबा खरंच हळू आहे का

मामींची तक्रार होती की टीव्हीवर फोटो लागायला फार वेळ लागतो. मामांचं म्हणणं, डबा म्हातारा झालाय. मी सांगलीला गेलो आणि एक मोठी व्हिडिओ फाईल कॉपी करून बघितली तर स्पीड ११ एमबी पर सेकंद, आणि अगदी स्थिर, ना १० ना १२. हा आकडा ओळखीचा पाहिजे. १०० एमबीपीएसच्या लिंकवर प्रत्यक्षात मिळतात तेवढेच मिळत होते, आणि डीएस२१२जे ला गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचा, पोर्ट आहे.

वायर उलगडत गेलो. खालच्या मजल्यावरचा फायबरवाल्याचा डबा, त्याला चार लॅन पोर्ट पण त्यातला एकच गिगाबिट, बाकीचे तीन १०० चे. बऱ्याच घरांत असेच डबे दिलेले असतात, कुणी सांगत नाही. त्या एका गिगाबिट पोर्टमध्ये टीव्हीचा सेटटॉप बॉक्स लावलेला! आणि नॅसची वायर वर जाते ती भिंतीतून इलेक्ट्रिशियनने ओढलेली, टोकाचा जॅक काढून बघितला तर आठ तारांपैकी चारच दाबलेल्या, निळी आणि चॉकलेटी जोडी कापून मागे दुमडलेली. चार तारांवर १०० एमबीपीएस चालतं, गिगाबिटला आठही लागतात. म्हणजे पोर्ट बदलला असता तरी काही झालं नसतं.

वायरीची दोन्ही टोकं नव्याने क्रिम्प केली, साधा पाच पोर्टचा गिगाबिट स्विच लावला, आणि तोच डबा, त्याच डिस्क, मोठ्या फाईलला ४० च्या आसपास. मामा म्हणाले, "मग आता नवा कशाला?" प्रश्न रास्त होता. वेगासाठी नवा नकोच होता. हवा होता तो पेंडिंग सेक्टर आणि संपलेल्या सपोर्टसाठी. पण वायर आधी बघितली नसती तर नवा डबाही ११ नेच चालला असता आणि मामींनी मला कायम ऐकवलं असतं.

आत नेमकं काय आहे

एकूण भरलेलं १.७ टीबी. काय किती हे बघितल्याशिवाय नवीन डिस्क किती मोठी घ्यायची ते ठरत नाही, आणि लोक इथेच उगाच जास्त पैसे घालतात. जवळजवळ निम्मी जागा मिनीडीव्ही, म्हणजे जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या छोट्या टेपवरून उतरवलेल्या फाईलींनी खाल्लेली. डीव्हीचा हिशोब सोपा आहे, तासाला साधारण १३ जीबी, कारण त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवलेली असते. दुकानदाराने एकदा मामांना सांगितलेलं की हे सगळं एमपी४ करून टाका, दहा पट लहान होईल. होईल. पण एमपी४ करून मूळ फाईल उडवायला माझा विरोध होता आणि अजून आहे, कारण टेपच्या खालोखाल मूळ म्हणावं असं तेच आहे आणि ४ टीबीच्या डिस्कवर त्याला भरपूर जागा आहे. कॅसेटवरचा आवाज वेव्हमध्ये होता, मिनिटाला १० एमबी, तो फ्लॅक केला तर आवाज तसूभरही न बदलता जागा निम्म्याच्या जवळपास येते, ते चालेल, पण नंतर.

बाकी फोटो, आणि फोनचे बॅकअप. "नवीन फोल्डर", "नवीन फोल्डर २", "मोबाईल जुना सगळं", "मोबाईल जुना सगळं खरं". तेच फोटो चार-चार ठिकाणी. साफसफाई आधी करू असा मोह होतो, मामांना तर लगेच बसायचं होतं. मी नको म्हटलं. मरत आलेल्या डिस्कवर डुप्लिकेट शोधणारं सॉफ्टवेअर चालवणं म्हणजे तिला विनाकारण पळवणं, आणि घाईत उडवलेल्यात एखादा फोल्डर एकुलता एक निघतोच. आधी सगळं जसंच्या तसं नवीकडे, कचऱ्यासकट. झाडू नंतर.

कुठला घेतला आणि का

माझ्या ओळखीतले दोघं म्हणाले की छोटा मिनी पीसी घे, त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा ट्रूनॅस हे नॅसचं सॉफ्टवेअर टाक, पैसे वाचतात, ताकद जास्त. माझ्या स्वतःच्या घरी मी तेच केलंय. पण सत्तरीतले मामा-मामी सांगलीत आणि दुरुस्ती करणारा पुण्यात, तिथे मला असा डबा हवा होता ज्याची स्क्रीन मामांना ओळखीची आहे आणि जो मी दोन वर्षं बघितला नाही तरी स्वतः अपडेट घेतो. म्हणून परत सिनॉलॉजीच, डीएस२२३. चार कोअर, २ जीबी रॅम, एकच गिगाबिट पोर्ट. वरचं प्लस मॉडेल घेता आलं असतं, २.५ गिगाबिटवालं, पण घरात स्विच, लॅपटॉप, टीव्ही सगळं गिगाबिट, त्या पोर्टचा उपयोग शून्य.

जाता जाता, २०२५ च्या प्लस मॉडेलांवर कंपनीने स्वतःच्याच नावाच्या डिस्क सक्तीच्या केल्या होत्या, एप्रिलमध्ये, आणि लोकांनी एवढी ओरड केली की ऑक्टोबरमध्ये डीएसएम ७.३ बरोबर ते मागे घ्यावं लागलं. आता मागे घेतलंय, पण डबा घेताना ही बाब लक्षात असू द्या, कंपनीच्या मनात काय येऊ शकतं ते दिसलं. आणखी एक, डीएसएम ७.२.२ पासून व्हिडिओ स्टेशन, म्हणजे व्हिडिओ बघायचं त्यांचं अ‍ॅप, काढून टाकलंय. जुन्या डब्यावर जे ते वापरत होते त्यांना नव्यावर ते मिळत नाही, आणि हे लोकांना घरी आणल्यावर कळतं.

डिस्क ४ टीबीच्या दोन, नॅससाठीच्या, सीएमआर. हे शेवटचं महत्त्वाचं. सीएमआर डिस्कमध्ये ट्रॅक शेजारी-शेजारी असतात, एसएमआरमध्ये एकमेकांवर चढवलेले, त्यामुळे सलग लिहिताना ठीक पण रेडच्या रीबिल्डमध्ये ती कासव होते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या "रेड" (लाल रंगावरून नाव, दोन डिस्कवालं रेड नव्हे) मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क न सांगता एसएमआर निघाल्या होत्या, त्यावरून मोठा गोंधळ झाला आणि मग सीएमआरवाल्यांना रेड प्लस असं वेगळं नाव आलं. म्हणून नुसतं "नॅसची द्या" म्हणू नका, मॉडेल नंबर बघून घ्या. मी दोन वेगवेगळ्या दुकानांतून, दोन वेगळ्या कंपन्यांच्या घेतल्या, एकाच लॉटचा प्रॉब्लेम परत नको म्हणून. आल्या आल्या दोघींचे सीरियल नंबर कंपनीच्या साईटवर टाकून वॉरंटी बघितली, कारण २०२५ च्या सुरुवातीला युरोपात तास पुसून वापरलेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं बाहेर आलेलं, तेव्हापासून मी बिलावर विश्वास ठेवत नाही. मग एक्स्टेंडेड टेस्ट, रात्रभर. नवी डिस्क मरायची असेल तर रिकामी असताना मरू दे.

डेटा हलवणं

इथे दोन रस्ते. सिनॉलॉजीमध्ये जुन्या डिस्क काढून सरळ नव्या डब्यात खोचता येतात आणि तो त्यांना ओळखून पुढचं सेटअप करून घेतो, बहुतेक मॉडेलांना हे जमतं. सोपं आहे, लोकांना आवडतं. मी नाही केलं. एक तर त्या डिस्कच सोडायच्या होत्या. दुसरं, जुन्या व्हॉल्यूमची फाईल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाईली मांडायची पद्धत, ईएक्सटी४ आणि ती जागच्या जागी बीटीआरएफएस होत नाही, ती ईएक्सटी४ च राहते. मला बीटीआरएफएस हवी होती, कारण ती प्रत्येक तुकड्याचा चेकसम, म्हणजे त्यावरून काढलेला पडताळणीचा आकडा, ठेवते आणि एका डिस्कवरची प्रत बिघडली तर कुठली खरी हे तिला कळतं. साध्या रेड १ मध्ये दोन डिस्कवर दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या तर बरोबर कुठली हे त्याला माहीतच नसतं. फक्त शेअर फोल्डर बनवतानाच डेटा चेकसमच्या चौकटीत टिक करा, नंतर करता येत नाही.

सगळ्यात आधी, नवा डबा सेट करण्याच्याही आधी, कागदपत्रं आणि फोटो एका यूएसबी डिस्कवर उतरवले. जुन्याचे यूएसबी पोर्ट २.० चे, ३० च्या आसपास स्पीड, पण हे आधी. डिस्क कधी जाईल सांगता येत नाही तेव्हा कमी जागेचं आणि जास्त मोलाचं पहिलं निघालं पाहिजे.

मग जुन्यावर एनएफएस (नेटवर्कवरून फोल्डर वाटायची आणखी एक पद्धत) चालू करून त्याचा फोल्डर नव्यावर जोडून घेतला, तोही फक्त वाचण्यापुरता, आणि नव्यावरून आरसिंक, म्हणजे फाईली ताडून कॉपी करणारा प्रोग्रॅम. एसएसएच या एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद जोडणीवरून आरसिंक करायला गेलं तर जुना प्रोसेसर एन्क्रिप्शनमध्येच दमतो आणि स्पीड पार पडतो, घरातल्या घरात त्याची गरज नाही. ईएडीर नावाचे लपलेले फोल्डर वगळायला विसरायचं नाही, त्यात जुन्या डीएसएमने बनवलेले थंबनेल असतात, लाखभर बारक्या फाईली, नव्याला त्यांचा काही उपयोग नाही, तो स्वतःचे बनवतो. ४० च्या स्पीडने १.७ टीबी म्हणजे बारा तास होतात, पण ते कागदावर, फोटोंच्या फोल्डरला स्पीड निम्म्याच्याही खाली येतो. आणि त्या चार तारांच्या वायरीवर हेच काम ४३ तासांचं होतं.

कॉपी झाली म्हणजे झालं असं नाही. आरसिंक परत चालवला, या वेळी चेकसमसकट, म्हणजे दोन्हीकडची प्रत्येक फाईल पूर्ण वाचून ताडायची. सगळं जुळलं. तरी मी जेपेग उघडून तपासणारं एक छोटं टूल नव्यावर फिरवलं, आणि २००५-०६ चे काही फोटो निम्मे करडे निघाले. म्हणजे ते जुन्यावरच बिघडलेले होते, कॉपीने बिघाडाची इमानदारीत नक्कल केली. मामी माळ्यावरून डीव्हीडींची पिशवी घेऊन आल्या, तेव्हाच्या तेव्हा राइट करून ठेवलेल्या. बऱ्याचशा अजून वाचल्या जातात, आणि करड्यांपैकी बहुतेक फोटो तिथे धड सापडले. काही नाही सापडले, त्यात एक वास्तुशांतीचा गट फोटो आहे, त्याची छापील प्रत मामेबहिणीकडे निघाली, ती स्कॅन झाली.

नावं लांब का चालत नाहीत

मामांच्या संहिता आणि बँकेची कागदपत्रं एन्क्रिप्ट करून ठेवावीत असं आधी ठरलेलं. एन्क्रिप्टेड शेअर फोल्डर बनवला आणि त्यात काही फाईली जाईनात, "नाव फार लांब". मामा वैतागले, नाव तर एवढंसं आहे. उदाहरणच देतो: "२००९ राज्य नाट्य स्पर्धा तालीम तिसरा अंक दुसरा प्रवेश". या प्रकारच्या फोल्डरमध्ये फाईलच्या नावाला १४३ बाइटची मर्यादा असते. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीत प्रत्येक अक्षराला, प्रत्येक काना-मात्रेला, पाय मोडायच्या खुणेला, आकड्यालाही तीन-तीन. नुसत्या "स्पर्धा"ला २१ लागतात. हे अख्खं नाव भरतं बरोबर १४३, आणि शेवटचं एव्हीआय आणि टिंब धरून १४७. म्हणजे मराठीत सत्तेचाळीसच्या आसपास खुणा झाल्या की संपलं. साध्या फोल्डरला मर्यादा २५५ ची, तिथे अडचण नाही.

मामांना नावं बदला म्हणणं मला पटलं नाही. तेरा वर्षं त्यांनी याच नावांनी शोधलंय. घरातल्या डब्यावर एन्क्रिप्शन नको, घराबाहेर जाणाऱ्या बॅकअपला हवं, असं ठरवलं. सिनॉलॉजीच्या हायपर बॅकअप या अ‍ॅपमध्ये तसं करता येतं आणि तिथे डेटा तुकड्यांत साठतो त्यामुळे नावाचा प्रश्न येत नाही. किल्लीची फाईल आणि पासवर्ड कागदावर, मामेबहिणीच्या घरी.

संहितांबद्दल एक राहिलं. २००८ पर्यंतच्या सगळ्या श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या मराठी टायपिंगमध्ये, टाईप केलेल्या, नव्या लॅपटॉपवर उघडल्या तर नुसती रोमन अक्षरांची खिचडी. जुन्या कॉम्प्युटरवरचे ते फॉन्ट काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवले आणि प्रत्येक संहितेची फॉन्टसकट पीडीएफ केली. युनिकोडमध्ये आणण्याचं काम मामांनी स्वतःकडे घेतलंय, कन्व्हर्टर जोडाक्षरांत गडबड करतो आणि ती दुसऱ्या कुणाला दिसणार नाही.

पूर

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५. गावभागात काय झालं ते सांगलीकरांना सांगायला नको. जुना डबा तेव्हा तळमजल्यावर होता, मामेबहिणीने बंद करून वर नेला म्हणून वाचला. जुलै २०२१ मध्ये परत तेच. तेव्हापासून तो वरच असतो, पण एकाच घरात खाली काय नि वर काय, घरावर कुलूप लावून सगळे विश्रामबागेत पाहुण्यांकडे गेले की डबा मागेच राहतो. रेड, बीटीआरएफएस, स्नॅपशॉट (डब्यातच राहणारी फाईलींची त्या-त्या वेळची नोंद), ह्यातलं काहीही पाण्याला अडवत नाही.

क्लाउडवर सगळं टाकावं तर मामांच्या लाइनचा अपलोड ४० एमबीपीएस, सलग चालला तरी १.७ टीबीला चार दिवस, ते एक वेळ चालेल, पण दर महिन्याचं भाडं मामांना मान्य नव्हतं आणि मला त्यांचं म्हणणं चुकीचं वाटत नाही. म्हणून दोन ४ टीबीच्या यूएसबी डिस्क. एक नॅसला लावलेली, रोज रात्री हायपर बॅकअप. दुसरी पुण्यात मामेबहिणीकडे. गणपतीला, दिवाळीला, लग्नकार्याला कुणी ना कुणी जातंच, तेव्हा अदलाबदल. जूनच्या आधी एक अदलाबदल सक्तीची, पावसाळ्याआधी. या डिस्क एसएमआर आहेत, बॅकअपला चालतात. आणि संहिता, कागदपत्रं, निवडक फोटो, हे शंभर जीबीच्या आतलं क्लाउडवरही जातं. नेटवरून दुसऱ्या नॅसवर आपोआप बॅकअप हे जास्त देखणं झालं असतं, पण तो दुसरा नॅस सांभाळायला परत मीच. माणसं येतात-जातात ते आधीच ठरलेलं आहे, त्यावर टेकलो.

पुण्यातून बघायला टेलस्केल, म्हणजे पोर्ट न उघडता दोन ठिकाणं खासगीत जोडणारी सेवा. पोर्ट उघडायचं नाही, आणि आता बहुतेक इंटरनेट कंपन्या सीजीनॅटच्या मागे, म्हणजे अनेक ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे, ठेवतात त्यामुळे उघडूनही उपयोग नसतो. नोटिफिकेशन मामांच्या चालू मेलवर आणि माझ्याही. डब्याला यूएसबी वायर असलेला यूपीएस, दुकानात स्वस्तातला मागितला तर तो बिनवायरीचाच देतात, तो डब्याला "लाईट गेली" हे सांगू शकत नाही, मग डबा शांतपणे बंद न होता धाडकन पडतो. इन्व्हर्टर आहे घरात, पण बदलताना जो एक झटका बसतो त्यात जुना डबा कैकदा रीस्टार्ट झालेला लॉगमध्ये दिसत होता.

मामींच्या फोनवर सिनॉलॉजी फोटोज टाकलं, फोटो आपोआप चढतात. टीव्हीवर फोटो झटकन लागतात, डीव्ही फाईली मात्र टीव्हीला कळत नाहीत, म्हणून नाटकांच्या एमपी४ कॉप्या वेगळ्या फोल्डरमध्ये करतोय, लॅपटॉपवर, सावकाश. मामींनी डब्याची चौकशी एकदाच केली, निळा दिवा रात्री डोळ्यात येतो तो बंद होतो का. होतो, सेटिंगमध्ये ब्राइटनेस आहे.

पुण्याला निघण्याआधी यूएसबी बॅकअपवरून एक अख्खा फोल्डर दुसऱ्या जागी परत उतरवून बघितला, मामांकडूनच, मी हात लावला नाही. उतरला. जुना डबा बंद करून वरच्या कपाटात आहे, पुढचा पावसाळा होईपर्यंत तो पुसायचा नाही. नंतर डिस्कला ड्रिलने भोकं पाडायची, कारण जे सेक्टर वाचताच येत नाहीत ते पुसले गेले की नाही याचीही खात्री देता येत नाही.

उरलंय ते टेपचं. एका खोक्यात अजून न उतरवलेल्या मिनीडीव्ही टेपा निघाल्या, कॅमेरा चालू आहे पण त्याला फायरवायर लागतं आणि नव्या लॅपटॉपला ते पोर्ट नाही. फायरवायरचं कार्ड असलेला एकच कॉम्प्युटर घरात आहे, जुना डेस्कटॉप, जो मामींनी भंगारवाल्यासाठी जिन्याखाली काढून ठेवलेला. तो परत वर आणलाय, नेट न जोडता, टेपा उतरवण्यापुरता. मामींना हे अजिबात पटलेलं नाही.